थोडा ग्लो मारू?

माणसाचा चेहरा आणि माणसाची सही यांवर फार विसंबून राहू नये, असं बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं काढल्यावर माझं ठाम मत झालं आहे. दोन्ही वयाबरोबर बदलतात, दोन्ही घाईत बिघडतात, आणि दोन्हींचा जो नमुना आमच्या दप्तरी जमा असतो तो समोर उभ्या असलेल्या इसमाशी कधीही जुळत नाही. त्यातल्या त्यात सहीचं बरं. ‘पुन्हा एकदा करा’ असं सांगता येतं. चेहरा पुन्हा करून आणा, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

तरी पूर्वी फोटो आणि माणूस यांच्यात काही रक्ताचं नातं असे. फोटोतला माणूस निदान समोरच्या माणसाचा धाकटा भाऊ वाटे. २००२ साली रिझर्व्ह बँकेनं ‘आपला ग्राहक ओळखा’ असं फर्मान काढलं, तेव्हापासून आम्ही ग्राहकांना ओळखण्याची इमानेइतबारे खटपट करतो आहोत. पण अलीकडे फॉर्मवर चिकटून येणारे फोटो बघितले की ही खटपट सोडून द्यावीशी वाटते. मागं एकदा आमच्या भिवंडीतले एक किराणा दुकानदार फॉर्म घेऊन आले. गृहस्थ पन्नाशीचे. गालांवर तीन दिवसांची दाढी, डोळ्यांखाली उधारीच्या वहीइतक्या जाड पिशव्या. फोटोतले गृहस्थ मात्र नुकतेच ढगातून उतरलेले गंधर्व. कातडी लोण्याची, नजर स्वप्नाळू, आणि कानांच्या कडेकडेनं एक मऊ पांढरा उजेड पाझरतोय, जणू डोक्यामागं कुणी निरांजन धरून उभं आहे.

मी विचारलं, “हा फोटो कुणाचा?”

“माझाच की, साहेब.”

“कधीचा?”

“कालचा. जरा ग्लो मारलाय.”

‘ग्लो मारणे’ हा वाक्प्रचार मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मराठी माणूस रंग मारतो, शिक्का मारतो आणि थाप मारतो. ग्लो मारण्यात या तिन्ही क्रिया एकदम होतात, हे मला पुढं कळलं. त्या दिवशी मी नुसता फोटो परत केला आणि साधा आणायला सांगितलं. साधा आला. तोही माझ्या मते अर्धा गंधर्वच होता, पण साडेतीन वाजले होते.

आता खरं सांगायचं तर भिवंडीकराला या ग्लोचं एवढं अप्रूप वाटायचं कारण नाही. आमच्या गावाला हा इफेक्ट जन्मजात आहे. पावरलूमच्या शेडमध्ये सकाळी कौलातल्या काचेतून उन्हाची तिरीप येते ना, तेव्हा एकदा जाऊन बघा. हवेत रुईचे तंतू तरंगत असतात, आणि प्रत्येक तंतू आपल्या वाटणीचा उजेड अडवून चहूकडे उधळत असतो. त्या तिरपीत उभा राहिलेला माणूस, मग तो बीम उचलणारा हमाल का असेना, सिनेमातल्या देवासारखा दिसतो. खोकतो तेवढा माणसासारखा. आता बरेच माग बंद झाले, शेडच्या जागी गोदामं आली, तर रुईचं काम नाशिक हायवेवरच्या ट्रकांच्या धुळीनं अंगावर घेतलं. सायझिंगच्या चिमण्या आहेतच. थोडक्यात, लोक पैसे मोजून फोटोला जे लावून घेतात ते भिवंडीत श्वासावाटे फुकट मिळतं.

पण हे प्रकरण मुळात आहे काय, ते जवळून बघायचा योग मला आला तो आमच्या ताईमुळे. अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, जाऊन वर्ष होत आलं होतं. घरात त्यांचा भिंतीवर लावण्याजोगा फोटो नव्हता. जो लावला होता तो मतदार ओळखपत्रावरचा मोठा केलेला. ज्यांनी ही ओळखपत्रं पाहिली आहेत त्यांना अधिक सांगायला नको. लोकशाहीत सर्व माणसं समान असतात हे तत्त्व त्या कॅमेऱ्यानं अमलात आणलं होतं. सगळेच फरारी दरोडेखोर दिसत. पुढं आधार कार्ड आलं. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, ही महाराष्ट्राला अभिमानाची गोष्ट. पण फोटोच्या बाबतीत तिथंही दरोडेखोरांचे भुरटे चोर झाले एवढीच प्रगती. तेव्हा ताईनं डोंबिवलीहून फोनवर हुकूम सोडला, “वर्षश्राद्धाच्या आत अण्णांचा एक चांगला, प्रसन्न फोटो करून घे. सारखा रागावल्यासारखा बघतो तो भिंतीवरून.”

अण्णांचा दुसरा फोटो म्हणजे एकच. १९९६ च्या खंडेनवमीला मागांची पूजा झाली, तेव्हा शेठच्या पुतण्यानं नव्या कॅमेऱ्याचं उद्‌घाटन म्हणून काढलेला. मागाला झेंडूचं तोरण, शेजारी अण्णा. अण्णा त्या कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की त्याच्या पोटात हात घालून तो दुरुस्त करायचा, हे त्यांचं काम. फोटोत ते कॅमेऱ्याकडे न बघता मागाकडे बघताहेत, आपण पूजा आटपेपर्यंत हा चालू होईल ना, अशा काळजीनं.

तो फोटो घेऊन मी आमच्या आळीतल्या स्टुडिओत गेलो. स्टुडिओ म्हणजे झेरॉक्स, मोबाइलचं कव्हर, रेल्वेचं रिझर्व्हेशन आणि मागच्या बाजूला एक निळा पडदा. चालवणारा पोरगा बावीस-तेवीस वर्षांचा. त्यानं फोटो स्कॅन केला, पडद्यावर अण्णा मोठे झाले, आणि दाताच्या डॉक्टरानं विचारावं तितक्या सहजपणे त्यानं विचारलं, “काका, थोडा ग्लो मारू?”

मी म्हटलं, “मार. पण कसा मारतोस ते मला दाखव.” बँकेच्या माणसाला व्हाउचर बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

त्यानं दाखवलं. एकूण चार पायऱ्या. पहिल्यांदा फोटोची हुबेहूब दुसरी प्रत काढायची आणि पहिलीच्या अंगावर नेमकी बसवायची. याला लेअर म्हणतात. फोटोशॉप हा प्रोग्राम आला १९९० साली, आणि हे लेअर त्यात आले १९९४ साली. आम्ही मात्र कार्बन पेपर घालून हेच काम कितीतरी आधीपासून करत होतो. दुसरी पायरी म्हणजे वरची प्रत धूसर करायची. याला म्हणतात गॉसियन ब्लर.

हे नाव ऐकून मी चमकलो. गॉस! हे गृहस्थ माझ्या परिचयाचे. कार्ल फ्रीडरिश गॉस, १७७७ ते १८५५, जर्मन गणिती. १९९१ पासून युरो येईपर्यंत जर्मनीच्या दहा मार्कांच्या नोटेवर यांचंच चित्र होतं, आणि शेजारी त्यांची ती प्रसिद्ध घंटेच्या आकाराची रेघ. बी.कॉम.ला स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात याच घंटेनं माझे बारा वाजवले होते. तीच घंटा इथं फोटो पुसायला बसवली आहे म्हणे. फोटो हा असंख्य ठिपक्यांचा असतो. प्रत्येक ठिपक्यानं आपला रंग शेजाऱ्यापाजाऱ्यांत मिसळून सरासरी काढायची. जवळच्या शेजाऱ्याचा वाटा मोठा, लांबच्याचा लहान. चाळीत राहिलेल्या माणसाला हे समजायला गॉस लागत नाही. एका खोलीत बोंबील तळले की शेजारच्या खोलीत वास भरपूर, त्याच्या पलीकडे निम्मा, आणि जिन्याजवळच्या बिऱ्हाडाला नुसता संशय. आता अशी कल्पना करा की प्रत्येक खोलीत एकाच वेळी काही ना काही तळलं जातंय. मग कुठल्याच खोलीला आपला असा वास राहत नाही. अण्णांची वरची प्रत अशी झाली. नाक होतं, पण ते नक्की कुठं सुरू होतं ते सांगता येईना.

तिसरी पायरी ‘स्क्रीन’. त्या पोरानं एक बटण दाबलं आणि धूसर प्रत एकदम पारदर्शक होऊन खालच्या प्रतीवर उजेडासारखी पसरली. दोन प्रोजेक्टरांनी एकाच पडद्यावर एकच चित्र पाडलं तर जे होईल ते हे. मी विचारलं, “उजेडात उजेड मिळवला, तर सगळं पांढरंफटक का होत नाही?” तो म्हणाला, “मालूम नहीं काका, लेकिन होता नहीं.” इथं मात्र माझा कॉमर्सचा आत्मा जागा झाला. घरी येऊन मी वहीत मांडून पाहिलं. हा चक्क सेलमधला ‘पन्नास टक्के अधिक पन्नास टक्के’ सूट देण्याचा हिशेब आहे! पहिल्या सुटीत निम्मी किंमत गेली, दुसरी सूट उरलेल्या निम्म्यावर. एकूण सूट पंच्याहत्तर. पन्नास आणि पन्नास शंभर म्हणतो तो गिऱ्हाईक, पंच्याहत्तर म्हणतो तो बी.कॉम. इथं सूट मिळते ती अंधारावर. एक प्रत अंधाराचा काही भाग खाते, दुसरी उरलेल्यातला काही. अंधार कमी होत जातो, पण जिथं तो थोडाही आहे तिथं पुरता संपत नाही. आणि वरची प्रत धूसर असल्यामुळे कपाळाचा उजेड कपाळाच्या रेषेत न थांबता केसांवर सांडतो, सदऱ्याचा गळ्यावर सांडतो. गंधर्वाच्या कानामागचं निरांजन ते हेच.

चौथी पायरी म्हणजे हे सगळं किती टक्के ठेवायचं ते ठरवणं. तिच्याकडे मी तेव्हा दुर्लक्ष केलं. टक्केवारीकडे दुर्लक्ष करण्याची संधी मला नोकरीत मिळत नाही.

या विद्येचा पूर्वेतिहास मी नंतर वाचून काढला, कारण कुठलीही गोष्ट नवी आहे असं पोरं म्हणाली की ती जुनी ठरवणं हे चाळिशीनंतरच्या माणसाचं एकमेव करमणुकीचं साधन असतं. १८१५ साली आपल्या कोलकात्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन नावाच्या बाई. आडनावात आधीच कॅमेरा, पण हातात तो आला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, लेक-जावयानं भेट दिला तेव्हा. त्यांनी इंग्लंडात मोठमोठ्या माणसांचे असे मऊ, धुकट फोटो काढले की त्या काळच्या जाणकारांनी, बाईंना फोकस जमत नाही, असा शेरा मारला. आज तेच फोटो संग्रहालयांत आहेत आणि शेरे मारणारे कुठं आहेत ते ठाऊक नाही. पुढं हॉलिवूडवाल्यांनी नटीचं वय लपवायला भिंगावर रेशमी पायमोजा ताणून बसवला, काचेला व्हॅसलीन फासलं. बायकोनं मोजा हरवल्याची तक्रार केली, तर छायाचित्रकाराच्या घरी काय उत्तर देत असतील, हा एक स्वतंत्र विषय आहे. मग १९८० च्या दशकात कॅनडातल्या मायकेल ऑर्टन यांनी एकाच देखाव्याच्या दोन स्लाइड काढल्या, एक रेखीव आणि एक मुद्दाम धूसर, आणि दोन्ही एकीवर एक ठेवून एकाच चौकटीत बसवल्या. दोन स्लाइडमधून जाताना उजेड कमी होतो, म्हणून दोन्ही आधीच नेहमीपेक्षा उजळ काढायच्या. आमच्या आळीतला पोरगा जे माउसनं करतो ते ऑर्टनसाहेब कात्री-चिकटपट्टीनं करत होते, एवढंच.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे जुन्या स्टुडिओंत ‘टचिंग’ होतं. निगेटिव्ह उताराच्या काचेवर ठेवायची, खालून उजेड, आणि सुईसारखी टोक काढलेली पेन्सिल घेऊन सुरकुत्यांच्या जागी बारीक बारीक रेघोट्या मारत बसायचं. सुरकुती निगेटिव्हमध्ये पारदर्शक असते. तिथं शिसं भरलं की छापील फोटोत ती नाहीशी. इकडे नावे टाकलं की तिकडे जमा. असं शुद्ध द्विनोंदी हिशेबाचं काम करणारा माणूस फोटोग्राफर कसा झाला, बँकेत का आला नाही, याचं मला नवल वाटतं. उपवर मुलींचे फोटो याच पेन्सिलीतून जात. मुलगी दाखवायच्या दिवशी मुलाकडची मंडळी पोह्यांची बशी हातात धरून एकदा फोटोकडे, एकदा मुलीकडे बघायची, ती दृश्यं पुष्कळांनी पाहिली असतील. अर्थात मुलाच्या पगाराच्या आकड्यालाही त्या काळी टचिंग होतंच.

तर अण्णांचा फोटो तयार झाला. मला आवडला. अण्णा एखाद्या पुण्यवान सत्पुरुषासारखे दिसत होते; मागसुद्धा चंदनाचा वाटत होता. ताईला मोबाइलवर पाठवला, तिनं उलट टपाली हात जोडलेली चार चित्रं पाठवली. मग मी तो आईपुढं ठेवला.

आईनं चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. म्हणाली, “छान आहे रे. कुणाचा आहे?”

मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. म्हटलं, “अगं, अण्णा!”

“ते दिसतंय. सदरा त्यांचाच आहे,” आई म्हणाली. “पण इथली खूण कुठं गेली?” आणि तिनं स्वतःच्या डाव्या भुवईवर बोट ठेवलं.

अण्णांच्या डाव्या भुवईत एक व्रण होता. मी जन्मल्यापासून तो बघत आलो, म्हणजेच कधी बघितला नाही. नाक असतं, कान असतो, तसा तो होता. धोटा उडून लागला होता एवढं माहीत होतं. माग चालू असताना धोटा एका बाजूकडून दुसरीकडे सारखा फेकला जातो. कधी वाट चुकून बाहेर उडाला की समोर कोण आहे हे बघत नाही. लाकडाचा, टोकाला लोखंड. पुढची हकिगत आईनं त्या दिवशी सांगितली, तांदूळ निवडता निवडता.

“अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यातली गोष्ट. लग्नाला पाच महिने झाले होते. घरात सासू, दोन दीर, नणंद. खोली एक. हे रात्रपाळीला जायचे, मी पहाटे पाण्याच्या रांगेत. दिवसा मान वर करायची सोय नाही. त्या रात्री धोटा लागला, चार टाके पडले. डोळा वाचला म्हणून डॉक्टर म्हणाले, नशीब. आठ दिवस घरी होते. पट्टी बदलायचं काम माझ्याकडं आलं. तोवर मी त्यांच्या तोंडाकडं नीट बघितलंच नव्हतं बघ.”

आणि थोडं थांबून म्हणाली, “मी त्यांना बघितलं तेच त्या खुणेसकट. हा बिनखुणेचा मनुष्य भिंतीवर लावलास तर मला त्याच्यासमोर पदर घ्यावा लागेल.”

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन स्टुडिओत गेलो. माझी समजूत अशी की फोटो पहिल्यापासून पुन्हा करावा लागणार. पोरगा हसला. “काका, गया कहाँ? खालचा लेअर आहे ना तसाच!” वरची धूसर प्रत वेगळी, खालची रेखीव प्रत वेगळी, वरचीला हवं तिथं भोक पाडलं की खालचं दिसतं. याला मास्क म्हणतात. त्यानं एक गोल ब्रश घेतला आणि आईला स्टूल दिलं.

“आजी, बोलो, किधर?”

पुढची वीस मिनिटं आमच्या मातोश्रींनी फोटोशॉप चालवलं. “डावीकडं. अजून थोडं. भुवई तुटली आहे ना, तिथं.” ब्रश फिरला आणि धुक्यातून तो व्रण वर आला, पांढरट, तिरका, चार टाक्यांचा. पोरगा पडद्याजवळ वाकला. म्हणाला, “शटल लगा था ना? मेरे अब्बा को इधर लगा था, कान के पास.” आणि त्यानं स्वतःच्या कानामागं बोट नेलं. आईनं त्याचे अब्बा कुठल्या कारखान्यात होते, किती टाके पडले, आता कसे आहेत, अशी रीतसर चौकशी केली. मी मधे उभा होतो. दोघांनाही माझी आवश्यकता नव्हती.

मग भुवयांचा प्रश्न आला. भुवयांवर पांढरे ठिपके होते, ते पोरानं पहिल्या दिवशीच धूळ समजून एकेक करून साफ केले होते. आई म्हणाली, “ती धूळ नाही. रुई आहे. घरी आले की मी फडक्यानं पुसायचे, तरी राहायची.” हे काम अवघड निघालं, कारण ठिपके त्यानं खालच्या लेअरवरूनच उडवले होते. तो काही बोलला नाही. फोटो पुन्हा स्कॅन केला, दोन्ही भुवया तेवढ्या कापून आणल्या आणि जागच्या जागी बसवल्या. शेवटी राहिली ती टक्केवारी. सत्तरवर होती, ती आईनं खाली खाली आणायला लावली. साठ, पन्नास, चाळीस. तिसावर म्हणाली, “हां, बस. तोरणाला राहू दे. माग पण जरा बरा दिसतोय, राहू दे.” अण्णा आता सत्पुरुष नव्हते. मागाकडे काळजीनं बघणारे जॉबर होते. फक्त सकाळची तिरीप त्यांच्या अंगावर आल्यासारखी वाटत होती.

बिल झालं तीनशे रुपये. ग्लो मारण्याचे दीडशे, काढण्याचे दीडशे. मी पाकीट काढत होतो, तेवढ्यात त्या पोराला काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, “आजी, तुमचा पण एक काढू? फ्री में.”

आई निळ्या पडद्यासमोरच्या खुर्चीवर जाऊन बसली. पदर सारखा केला, चष्मा काढून माझ्या हातात दिला.

पोरानं विचारलं, “आजी, आपका कितना रखूं? तीस?”

“माझा शंभर ठेव,” आई म्हणाली.